हुतात्म्यांचे वय

‘हुतात्मा’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे, की तो कोणी घडविला व कशासाठी घडविला याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. सावरकरांनी चलनात आणलेल्या शब्दांत त्याची गणना करतात. शब्द भारदस्त आहे यात शंका नाही. तो कानी पडताच डोळ्यांपुढे जो पुरुष उभा राहतो, तो वयाने प्रौढ, मुद्रेने करारी आणि बहुधा मिशाळ असतो. आम्ही एकदा वर्गातील मुलांना हा शब्द फळ्यावर लिहून दिला आणि त्याबरोबर मनात येणारे चित्र चार ओळींत उतरविण्यास सांगितले. गोळा केलेले कागद चाळले तेव्हा निम्म्याहून अधिक कागदांवर मिशांचा उल्लेख होता. स्वतः लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना मिसरूड फुटले होते, ही गोष्ट कोणाच्याही ध्यानी आली नव्हती.

आम्ही इंग्रजी शिकवून पोट भरणारे. संस्कृत व्याकरणात आमची गती बेताची. तरीही या समासापाशी आम्ही वारंवार थबकतो. ज्याने आपला आत्मा होमिला तो हुतात्मा, असा त्याचा विग्रह करतात. त्यातला ‘ज्याने’ आपण सहज घालून मोकळे होतो. परंतु ‘हुत’ हे कर्मणी धातुसाधित आहे. होमिले गेलेले, एवढेच ते सांगते. होमिले कोणी, हे आपल्याला बाहेरून पुरवावे लागते. चाळीस वर्षांचा मनुष्य फासावर चढला तर हा प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान होईल. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तो विचारल्यावाचून राहवत नाही. होमात पडणारा तो मुलगा. मग कुंडाभोवतीचे वडीलधारे त्या वेळी कोठे होते?

हा प्रश्न आम्हांस नंदुरबारने दिला. जळकोटाहून नंदुरबार हे काही वाटेवरचे गाव नव्हे. बालाघाटाच्या आमच्या उघड्याबोडक्या माळावरून नांदेडास यावे, तेथून मनमाड, मनमाडहून जळगाव, आणि जळगावी सुरतेची गाडी धरून तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे जावे, असा तो लांबचा फेरा आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे लग्न होते म्हणून मार्गशीर्षात तो केला. गावाबाहेर माळच्या माळ मिरच्यांनी लाल झाले होते. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे. हवेतूनच तिची ओळख पटते, आणि नव्या माणसाचा पहिला तास शिंकण्यात जातो. लग्नघरी दुपारची सामसूम होताच आम्ही माणिक चौकाची वाट विचारली. विचारलेल्या पहिल्याच दुकानदाराने, “शिरीषकुमारला जायचंय ना?” असा उलट प्रश्न केला. ‘स्मारकाला’ असे तो म्हणाला नाही. एखाद्याच्या घरी जावयाचे असावे तसे त्याचे बोलणे होते.

बाजारपेठेच्या गजबजाटात तो चौक आहे. तेथे जी पाच नावे उच्चारली जातात ती अशी: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या चौकात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी ही मुले पडली. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. आम्ही उभ्याउभ्याच मनाशी वजाबाकी केली: पंधरा वर्षे, आठ महिने आणि बारा दिवस. आजच्या हिशेबाने दहावीचा विद्यार्थी. सहामाही परीक्षाही व्हावयाची होती.

त्या दिवशी काय झाले हे थोडक्यात सांगावयास हवे; कारण पाठ्यपुस्तकातील चार ओळींच्या पलीकडे ते आमच्या मराठवाड्यात फारसे कोणास ठाऊक नसते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गोवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी आणि काँग्रेसचे झाडून सारे श्रेष्ठ पुढारी पकडले गेले. पाठोपाठ जिल्ह्या-तालुक्यांतील कार्यकर्ते उचलले गेले. जे उरले त्यांतील पुष्कळ भूमिगत झाले. सरकारचा हिशेब असा, की डोके छाटले म्हणजे धड आपोआप पडेल. युद्ध ऐन भरात होते, जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले होते, आणि पिछाडीस गडबड नको म्हणून दडपशाहीला सरकारने मोकळीक दिली होती. त्या महिनाभरात देशातील असंख्य गावांची स्थिती अशी झाली, की चळवळ होती आणि चळवळीचे वडील नव्हते. रस्ते मुलांच्या हाती आले. नंदुरबार त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्यातील एक व्यापारी गाव होते. पुढाऱ्यांच्या अटकेस बरोबर महिना झाला त्या दिवशी तेथे मुलामुलींची मिरवणूक निघाली. शिरीषकुमारच्या हाती तिरंगा होता. घोषणा मराठीत होत्या तशा गुजरातीतही होत्या. वरच्या पाच नावांवरूनच ध्यानी येईल, की त्या गल्ल्यांत दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसत. पोलिसांनी मिरवणूक अडविली, लाठ्या चालविल्या, आणि शेवटी गोळ्या झाडल्या. त्याच ९ सप्टेंबरला तिकडे सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावरही गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले. दोन्ही गावांमध्ये शेकडो मैलांचे अंतर. एकास दुसऱ्याची वार्ता असणे शक्य नव्हते.

नंदुरबारात एक कथा सांगतात. पोलीस अधिकाऱ्याने मिरवणुकीतील मुलींच्या रोखाने बंदूक धरली, तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि, मारावयाचे असेल तर मला मारा, असे म्हणाला. कथा शब्दशः अशीच घडली की नाही याचा निवाडा इतिहास-संशोधकांनी करावा. चिकित्सेपुढे न टिकणारी वीरवाक्ये आमच्या इतिहासात थोडी नाहीत, आणि शाळाखात्यास ती विशेष प्रिय असतात. तथापि या वाक्यासंबंधी आम्हांस एक गोष्ट जाणवते. मोठ्यांच्या वीरवाक्यांत स्वर्ग, मातृभूमी, भावी पिढ्या यांपैकी काही तरी असतेच असते. या वाक्यात त्यांतले काहीही नाही. हे वाक्य शाळेच्या पटांगणातले आहे. तिला काय मारतोस, मला मार, असे मधल्या सुट्टीत रोज कोणी ना कोणी म्हणत असते. म्हणून आम्हांस ते खरे वाटते. आणि म्हणूनच, ज्याच्या हाती बंदूक होती त्याला ते पटांगणातले वाक्य ओळखू आले नाही, याचा संताप ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही शमत नाही.

परतीच्या प्रवासात गाडीत निवांतपणे बसावयास मिळाले, तेव्हा त्या वयाची मुले आमच्या गावात आज काय करतात ते आठवू लागलो. दहावीचा निकाल लागला की जळकोटातील बरी परिस्थिती असलेल्या घरची मुले लातुरास जातात. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव आता महाराष्ट्रभर झाले आहे. डॉक्टर-इंजिनियर घडविण्याचा तो मोठाच कारखाना म्हणावयाचा. मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो, पहाटे उठतो, शिकवणीला जातो, डब्यातले जेवतो, आणि रात्री आईला फोन करून जेवल्याचे सांगतो. फोन पाच मिनिटे उशिरा आला तर इकडे घरात दिवे मालवत नाहीत. ही थट्टा नव्हे. आमच्या घरीही असेच चालत आले आहे. पंधरा वर्षांच्या मुलास काही होऊ नये म्हणून जे जे करता येण्यासारखे आहे ते सर्व आम्ही पालक करतो. आणि वर्षातून एकदा त्याच मुलास खादीची टोपी घालून, हाती कागदी झेंडा देऊन, शिरीषकुमारवर भाषण करावयास उभा करतो. भाषण पाठ झाले नाही तर रागावतो.

यात ढोंग आहे असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. आम्हांस ते दोन प्रामाणिक इच्छांचे एका घरात राहणे वाटते. दोघींचे पटत नाही, आणि कोणतीही घर सोडून जात नाही. आमच्या चुलत्यांच्या बाबतीत या दोन इच्छांची गाठ पडली होती. ती हकीकत येथे सांगतो.

थोरल्या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू. १९४८ साली ते सोळा वर्षांचे होते. जळकोट तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४७ च्या ऑगस्टात बाकीचा देश स्वतंत्र झाला, आणि आमच्याकडे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, रझाकारांचा अंमल वाढत गेला. स्टेट काँग्रेसने निजामी हद्दीबाहेर छावण्या उघडल्या होत्या. त्यांतील उमरखेडच्या छावणीचे नाव आमच्या भागातील पोरांच्या तोंडी होते. तात्या आणि त्यांचे दोन सोबती यांनी उन्हाळ्यातील एका रात्री निघून जावयाचे ठरविले. भाकरी बांधून झाल्या होत्या. आजोबांना सुगावा कसा लागला ते कळले नाही. त्यांनी तात्यांना हात लावला नाही, एक शब्द बोलले नाहीत. बळदाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. ज्यांनी माळवदाची जुनी घरे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, की बळद म्हणजे भिंतीलगतचे धान्याचे कोठार. तेथे खिडकी नसते, वर एक धारे असते तेवढेच. अकरा दिवस तात्या तेथे होते. आजी भाकरी-पाणी आत नेई, आणि आजोबा रात्री दाराशी आडवे घोंगडे टाकून निजत. दोन सोबती ठरल्याप्रमाणे गेले. सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या, १७ तारखेस निजाम शरण आला. आश्विनात एक सोबती गावी परतला. दुसरा परतला नाही.

तात्या पुढे शाळामास्तर झाले आणि शहाऐंशी वर्षे जगले. दर १७ सप्टेंबरला ते झेंडावंदनास जात आणि शेवटच्या रांगेत उभे राहत. मुक्तिसंग्रामातील सैनिकांना शासनाचे निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा एक गृहस्थ घरी येऊन, दोन साक्षीदार उभे करू, कागद करून टाकू, असे सुचवू लागले. तशी प्रमाणपत्रे आमच्या भागात अगदीच दुर्मिळ नव्हती. तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “मी बळदात होतो. तसं लिहून देत असाल तर द्या.” गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

आम्ही महाविद्यालयात शिकत असताना एकदा धीर करून तात्यांना विचारले, की आजोबांनी केले ते बरोबर केले असे तुम्हांस वाटते का? ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, “बापानं चूक केली असं मी म्हणणार न्हाई. माझा जीव त्यानं राखला. फकस्त इचारलं न्हाई.” पुढे कधी हा विषय निघाला नाही. आजोबांबद्दल त्यांनी उणा शब्द काढल्याचे आम्हांस आठवत नाही. मात्र परत न आलेल्या सोबत्याच्या घरी दर दिवाळीला ते फराळ घेऊन जात, आणि त्या घरच्या म्हाताऱ्या आईसमोर बसून ताट संपेपर्यंत काही बोलत नसत, हे आम्ही लहानपणी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिले आहे. त्या माउलीच्या मुलास कोणी अडविले नव्हते. तिच्यासमोर बसणाऱ्याला अडविले होते. दोन घरांपैकी कोणते घर सुखी, हे त्या बैठकीवरून सांगणे कठीण होते.

स्मारक उभारावयाचे म्हटले म्हणजे दोहोंपैकी एकाच घराचे उभारता येते. हा स्मारकाचा दोष नव्हे, स्वभाव आहे. परंतु स्मारक मुलाचे असले की त्यात आणखी एक अडचण येते. तरुणांची स्मारके तरुण बांधीत नाहीत. ती वडीलधारे बांधतात. आणि वडीलधाऱ्यांना आपण त्या वेळी तेथे नव्हतो, ही गोष्ट दगडातसुद्धा सोसत नाही.

याचे एक विलक्षण उदाहरण रशियन वाङ्मयाच्या इतिहासात आहे. युक्रेनच्या पूर्व टोकास क्रास्नोदोन नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. २०१४ पासून हा टापू पुन्हा युद्धाच्या फेऱ्यात सापडला. १९४२ साली ते जर्मनांच्या हाती पडले, तेव्हा तेथील शाळकरी व नुकत्याच शाळा संपविलेल्या मुलामुलींनी ‘तरुण रक्षक दल’ या नावाची गुप्त संघटना उभारली. पत्रके चिकटविणे, जर्मनांच्या कामात विघ्ने आणणे, असे त्यांचे उद्योग होते. १९४३ च्या जानेवारीत त्यांतील बहुतेक पकडले गेले; पुष्कळांचे देह खाणीच्या विहिरीत फेकण्यात आले. त्यांच्यातील ओलेग कोशेव्हॉय हा १९२६ सालचा, म्हणजे आमच्या शिरीषकुमारच्याच वर्षाचा. अलेक्सांद्र फादेयेव या नामांकित लेखकाने या मुलांवर कादंबरी लिहिली. १९४६ साली ती गाजली, तिला पारितोषिकही मिळाले. मग वरून आक्षेप आला. काय म्हणून? मुले हे सारे आपल्या बुद्धीने करीत असल्यासारखे दिसते. पक्षातील जाणत्यांचे मार्गदर्शन कोठे आहे? फादेयेवला कादंबरी पुन्हा लिहावी लागली, आणि १९५१ च्या आवृत्तीत मुलांच्या पाठीशी प्रौढ मार्गदर्शक आणून बसविण्यात आले. मेलेल्या मुलांना पालक बहाल करण्यासाठी कादंबरीची नवी आवृत्ती काढावी लागल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

रशियनांस हसण्याचा अधिकार मात्र आपणास फारसा नाही. आमच्याकडे हे काम कादंबरीऐवजी सभेत होते. कोठल्याही स्मृतिदिनाची निमंत्रणपत्रिका पाहावी. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, निमंत्रक अशी नावांची उतरंड लागलेली असते, आणि ज्याच्यासाठी सभा त्याचे नाव तिच्या तळाशी, लहान टायपात. राज्य शासनाने १९८० नंतरच्या वर्षांत ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधली, हे चांगलेच केले. आम्ही पाहिलेल्या दोन-तीन स्मारकांना कुलपे होती. किल्ली कोणाकडे असते हे शेजारच्या पानवाल्यालाही सांगता आले नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेवरील अक्षरे तेवढी बाहेरून नीट वाचता येत होती.

याच्या उलट एक स्मारक म्युनिकच्या विद्यापीठापुढे आहे. आम्ही ते केवळ छायाचित्रांत पाहिले. हान्स आणि सोफी शोल हे भाऊबहीण त्या विद्यापीठाचे विद्यार्थी; ‘श्वेत गुलाब’ या त्यांच्या गटाने हिटलरविरुद्ध पत्रके काढली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठाच्या इमारतीत पत्रके टाकताना ते पकडले गेले, आणि चारच दिवसांनी, २२ तारखेस, त्यांचा मित्र ख्रिस्टोफ प्रोब्स्ट याच्यासह त्यांचा शिरच्छेद झाला. सोफी एकवीस वर्षांची होती. त्यांचे स्मारक करताना शिल्पकाराने पुतळा केला नाही, खांबही उभारला नाही. नुकतीच कोणाच्या हातून सांडली असावीत अशी ती पत्रके त्याने फरसबंदीत बसवून टाकली. घाईने जाणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नयेत. आणि ज्याला वाचावयाची असतील त्याला वाकावे लागते. तेथे अध्यक्षांना बसावयास जागा नाही. शिवाय जे सांडले आहे ते मुलांचेच लिखाण आहे, दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लिहिलेले नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

पण असे म्हणताना आमच्या मराठवाड्याने आपल्या परीने जी रीत पाडली आहे ती विसरून चालणार नाही. आमच्याकडे हुतात्म्यांची स्मारके म्हणजे बहुधा महाविद्यालये. १९४६ साली अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे मारले गेले. अर्जापुरास त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. वसमतला बहिर्जी शिंद्यांच्या स्मरणार्थ ‘बहिर्जी स्मारक महाविद्यालय’ आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी नांदेडात १९५० साली पीपल्स कॉलेज काढले, आणि त्यांच्या नावे निघालेल्या विद्यापीठाशी आमचे जळकोट आज जोडलेले आहे. परप्रांतीय पाहुण्यास हे चमत्कारिक वाटते. मुक्तिसंग्राम जिंकून काय केले, तर हजेरीपट सुरू केले! आम्हांस मात्र त्यात औचित्य दिसते, आणि ते १९३८ सालच्या एका प्रकरणामुळे.

त्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेतील इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणावयाचा आग्रह धरला. निजाम सरकारने मनाई केली. मुलांनी संप केला. सरकारने शेकडो मुलांना काढून टाकले. सतरा-अठरा वर्षांची ही मुले. शिक्षणाची वाट संपली म्हणजे आयुष्याची वाट संपली, असे मानणाऱ्या मध्यमवर्गीय घरांतील पुष्कळ. तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, त्यांना आपल्या येथे प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच मुलांपैकी. कुलगुरूंनी मुलांच्या पुढे उभे राहून नेतृत्व केले नाही, त्यांना मागेही खेचले नाही. वर्गाचे दार उघडून रजिस्टरात नावे लिहून घेतली. वडीलधाऱ्यांनी कोठे असावे, या आमच्या प्रश्नाला आजवर मिळालेले हे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. ते नंदुरबारला लागू पडत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. बंदुकीपुढे उभ्या राहिलेल्या मुलास कोणते विद्यापीठ प्रवेश देणार? तात्यांच्या बळदालाही ते पुरते लागू पडत नाही. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते, रजिस्टर उघडणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या हाती एक कडी होती.

२०२३ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता झाली. आमच्या येथेही कार्यक्रम झाला. भाषणे संपल्यावर, काही शंका असतील तर विचारा, असे रिवाजाप्रमाणे म्हणण्यात आले. कोणी काही विचारील अशी अपेक्षा अर्थातच नव्हती. मागच्या बाकावरून बारावीची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, त्यांना घरच्यांनी जाऊ कसं दिलं?” सभागृहात हशा पिकला. पाहुण्यांनी, त्या काळची माणसे वेगळी होती, असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे तिच्या चेहऱ्यावरून आम्हांस दिसत होते. त्या काळची माणसे वेगळी नव्हती. आम्ही एकाला चांगले ओळखत होतो; तो दाराशी घोंगडे टाकून निजला होता.

त्यानंतर काही दिवसांनी, दर्शनी भिंतीवर तरुण हुतात्म्यांच्या नावांचा एक फलक करावा असे ठरले, आणि त्यासाठी चारपाच जणांची समिती नेमली गेली. नंदुरबारचे पाच, मराठवाड्यातले काही, अशी यादी झाली. प्रत्येक नावामागे ‘हुतात्मा’ लावावे की वर एकदाच मोठ्या अक्षरांत लिहावे यावर अर्धा तास गेला. आम्ही सुचविले, की नावापुढे मृत्यूसमयीचे वय लिहावे. दुसरे काही नको, पराक्रम नको, विशेषणे नकोत, फक्त वय. एक वयोवृद्ध सदस्य म्हणाले, “वय लिहिले की वाचणाऱ्यास अभिमान वाटायचा तो राहील बाजूला, आणि वाईट वाटेल.” आम्ही म्हटले, दोन्ही वाटू द्यावे. दुसऱ्या एका सदस्यांना प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांची काळजी होती. दारातच ‘वय पंधरा’ असे वाचून त्यांच्या मनावर काय परिणाम होईल, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. इतक्यात चहा आला. विषय पुढील बैठकीवर गेला, ती बैठक अद्याप भरलेली नाही.

पेंटर मात्र थांबला नाही. त्याला दिवाळीपूर्वी पैसे हवे होते. निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत त्याने सर्व नावे लिहून टाकली आहेत, आणि प्रत्येक नावापुढे, तुमचे काय ते ठरले की सांगा म्हणून, दोन आकडे मावतील एवढी जागा सोडून ठेवली आहे.